गुडघा दुखतो म्हणणाऱ्याचा खुबाही बघा

माझ्या खोलीत यायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. बडोद्यात दांडियाबाजारच्या मागच्या गल्लीत सासऱ्यांचं जुनं घर आहे, त्याच्या ओट्याला लागून माझी फिजिओथेरपीची खोली. व्हीलचेअरसाठी बाजूने उतार करून घेतला, पण पायऱ्या काढल्या नाहीत, कारण माझी तपासणी तिथेच सुरू होते. खुर्ची अशी ठेवली आहे की चढणारं माणूस मला दिसतं आणि आपल्याकडे कुणी बघतंय हे त्याला जाणवत नाही.

कोणता पाय आधी वर आला? हात कठड्यावर आहे की गुडघ्यावर दाबलेला? दोन्ही पाय एका पायरीवर आणून मग पुढची पायरी घेतली का? चढताना चांगला पाय पुढे जातो, उतरताना दुखरा. हे कुणाला शिकवावं लागत नाही, शरीर आपोआप करतं. त्यामुळे "कोणता पाय?" असं विचारण्याआधीच बहुतेक वेळा मला उत्तर मिळालेलं असतं.

हे मी दोन प्रकारच्या माणसांसाठी लिहिते आहे. घरात आईचं, आजीचं, सासऱ्यांचं काही ना काही दुखतंय आणि डॉक्टरांकडे नेण्याआधी आपण नीट बघावं असं ज्यांना वाटतं ते एक. आणि नर्सिंग किंवा फिजिओथेरपी शिकून नुकती कामाला लागलेली मुलं-मुली, ज्यांच्या हातात हल्ली पेशंटच्या आधी एमआरआयची फाइल येते. घरच्यांनी रोगाचं नाव ठरवायचं नाही आणि औषधही ठरवायचं नाही. बघायचं, लिहून ठेवायचं आणि किती घाई आहे ते ओळखायचं. तेवढं जमलं तरी डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं.

आधी माझी चूक सांगते. बारा वर्षं झाली. वाडीत राहणाऱ्या आमच्या आत्या, वय ७४, मला म्हणाल्या, "गुडघा फार दुखतो गं, पायरी चढवत नाही." दोन्ही गुडघे झिजलेले आहेत हे मला माहीत होतं, जुना एक्स-रे मीच बघितला होता. गुडघ्यावर हात ठेवला तर करकर आवाज लागत होता. मी शेक दिला, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना त्यांनी पाय टेकला आणि खालीच बसल्या. पाय आखूड झाला होता, पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. सर्जननी विचारलं तेव्हा कळलं की पंधरा दिवसांपूर्वी देवघरात पाटावरून उठताना त्या एका कुशीवर पडल्या होत्या. हाड तेव्हाच तडकून एकात एक रुतून बसलं असणार, म्हणून चालता येत होतं. "पडला होतात का?" हे मी विचारलंच नव्हतं. खुबा एकदाही फिरवून बघितला नव्हता.

खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, कारण दोन्ही सांध्यांना त्याच नसांच्या फांद्या जातात. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण जिथे दुखतं म्हणाल्या तिथेच मी बघत बसले. त्या दिवसापासून माझ्या खोलीत एकच नियम आहे: दुखरा सांधा, त्याच्या वरचा एक, खालचा एक, आणि दुसऱ्या बाजूचा तोच सांधा. एवढं बघितल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणायचं नाही.

आधी विचारा, आणि त्यांच्या भाषेत विचारा

"कुठे दुखतं?" असं विचारून थांबू नका. "बोटाने दाखवा," म्हणा. कोणी एका बोटाने नेमका ठिपका दाखवतं. तसं असेल तर बहुधा तिथेच काही तरी आहे, एखादं लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा), स्नायूचं टोक किंवा हाडातली चीर. कोणी अख्खा तळवा फिरवत मांडीवरून खाली नेतं. अशा वेळी दुखणं वरून, कमरेतून किंवा खुब्यातून, उतरत असल्याची शंका धरायची. 'कंबर' म्हणताना तर प्रत्येकाचा हात वेगळीकडे जातो. कुणाचा मणक्यावर, कुणाचा कुल्ल्यावर, कुणाचा थेट जांघेत. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेकदा पुढे जांघेत असतं, कुल्ल्यावर नाही. माझ्याकडे निम्म्या बायका गुजराती. त्या गुडघ्याला ढींचण म्हणतात आणि थापो म्हणतात तेव्हा त्यांना खुबा अभिप्रेत आहे की कुल्ला, हे हात ठेवून घेतल्याशिवाय मी गृहीत धरत नाही.

पडण्याबद्दल सरळ विचारलं तर म्हातारी माणसं "नाही" म्हणतात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. पडल्याचं कळलं तर मुलं देवळात एकटं जाऊ देणार नाहीत, ही भीती असते. म्हणून मी विचारते, "गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुठे पाय घसरला? बसकण बसली? भिंत धरावी लागली?" मग सांगतात.

सकाळच्या आखडलेपणाचा प्रश्न फार मोलाचा आहे. "सकाळी अंग किती वेळ आखडतं?" यावर सगळे "थोडा वेळ" म्हणतात. म्हणून मी घड्याळ सोडून कामं विचारते. गॅसवर दूध तापेपर्यंत बोटं मोकळी होतात का? की चहा झाला, अंघोळ झाली, पूजा झाली तरी मूठ वळत नाही, देवाच्या तांब्यावर पकड बसत नाही? झिजेच्या संधिवातात आखडलेपण साधारण अर्ध्या तासाच्या आत उतरतं. आमवातात, म्हणजे ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड म्हणतात त्यात, ते तासभर आणि त्याहूनही जास्त टिकतं. पूजा झाली तरी मूठ वळत नसेल, दोन्ही हातांच्या मुठीची हाडं आणि मनगटं सुजलेली असतील आणि असं सहा आठवडे चाललं असेल, तर त्या बाईला शेक आणि तेलाच्या भरवशावर ठेवू नका. लवकर औषध सुरू झालं तर सांधे वाचतात, उशीर झाला तर बोटं वाकडी होऊन बसतात.

तरुण मुलगा पाठ दुखते म्हणत आला तर प्रश्न उलटे. झोपून राहिल्यावर बरं वाटतं की हिंडल्या-फिरल्यावर? पहाटे दुखण्याने जाग येते का? पंचविशीतला मुलगा, तीन महिन्यांच्या वर पाठदुखी, विश्रांतीने वाढते आणि चालल्यावर कमी होते, असं असेल तर ती साधी उसण नव्हे. मणके हळूहळू एकमेकांना जखडून टाकणारा आजार असू शकतो, त्याचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. अशी मुलं वर्षानुवर्षं गादी बदलत राहतात, खुर्ची बदलत राहतात.

मधुमेह आहे का, थायरॉइड आहे का, स्टेरॉइडच्या गोळ्या कधी बराच काळ चालल्या होत्या का, पाळी कधी गेली, वजन आपोआप उतरतंय का, संध्याकाळी कणकण येते का, हे सगळं विचारा. गावही विचारा. छोटाउदेपूरच्या आदिवासी पट्ट्यातून आलेला तरुण लंगडत असेल तर सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आहे का हे मी विचारतेच. त्या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून खचतो. मेहसाणा, बनासकांठ्याकडचं माणूस पाठ लाकडासारखी ताठ घेऊन आलं तर बोअरचं पाणी किती वर्षं प्यायलं ते विचारते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. त्याहून बरंच जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं आणि लिगामेंट कडक होत जातात. त्याची साधी परीक्षा घरी होते: गुडघे न वाकवता जमिनीवरचं नाणं उचलणं, हनुवटी छातीला लावणं, दोन्ही हात डोक्याच्या मागे नेणं.

मग बघा, हात मागे ठेवून

उजेड हवा, आणि दोन्ही बाजू उघड्या हव्यात. एकच पायजमा वर करून गुडघा बघणं म्हणजे न बघण्यासारखंच. बायकांना संकोच होतो. माझ्याकडे दोन मोठे पंचे आणि एक पडदा आहे. आधी सांगते काय बघणार आहे आणि किती वेळ, मग पडदा ओढते.

समोरून, बाजूने, मागून. खांदे सारखे आहेत का, कमरेची घडी एका बाजूला खोल आहे का, गुडघे बाहेर गेलेत की एकमेकांना चिकटलेत, मांडी एकीकडे बारीक झाली आहे का. दुखरा गुडघा वापरला गेला नाही की वाटीच्या वरचा मांडीचा आतला स्नायू आधी ओसरतो. वाटीच्या वर मोजून एकाच उंचीवर दोन्ही मांड्यांना टेप लावा. लहान मुलांच्या बाबतीत घाबरू नका: दोन वर्षांपर्यंत पाय बाहेर वाकलेले दिसणं आणि तीन-चार वर्षांचं असताना गुडघे जुळलेले दिसणं बहुतेकदा स्वाभाविकच. मात्र एकाच पायाला वाक असेल, किंवा सोबत मनगटं जाड झालेली असतील, तर दाखवा. मुडदूस अजून गेलेला नाही.

नंतर चालायला लावा. दुखतं म्हणून लंगडणारं माणूस दुखऱ्या पायावर कमीत कमी वेळ टेकतं, टक्-टक् अशी असमान चाल. खुब्याचे स्नायू कमजोर असलेलं माणूस त्या पायावर उभं राहिलं की दुसरी बाजू खाली झुकते, म्हणून ते बदकासारखं डुलतं. या दोन चालींतला फरक ओळखता आला की पुढचं सगळं सोपं जातं.

घरी करता येईल अशी एक मोजणी आहे आणि ती मला फार आवडते. हात असलेल्या साध्या खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा. माणसाने खुर्चीतून उठायचं, रोजच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. सेकंदांइतकंच वळणं बघा. चारचार बारीक पावलं टाकून वळतात का, बसताना अंग टाकून देतात का. तुम्ही शेजारी उभे राहा, मोबाइलकडे बघत दूर नको.

आपल्या माणसांच्या हालचाली वेगळ्या आहेत हेही लक्षात ठेवा. मांडी घालून जेवायला बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, पायाची नखं स्वतः कापतात का, मोजा घालता येतो का, वेणी घालता येते का, ब्लाउजचा मागचा हूक लागतो का. नखं कापणं बंद झालं असेल तर खुबा बघा. आत्यांची नखं त्या वेळी वन्सं कापून देत होत्या, मी ते बघितलंही होतं.

हात लावताना चेहरा बघा

आधी हाताची मागची बाजू, गरम आहे का ते बघायला. निरोगी गुडघा मांडीपेक्षा थोडा गार लागतो. तो मांडीइतकाच गरम लागला तरी आत काही तरी चाललंय. मग सूज कशी आहे: हाडासारखी टणक असेल तर झीज, भिजलेल्या कणकेसारखी मऊ असेल तर सांध्याचं अस्तर सुजलंय, बोटाखाली लाट सरकली तर पाणी. बोटांच्या शेवटच्या पेराला टणक गाठी आल्या असतील तर त्या झिजेच्या. आमवात सहसा ती शेवटची पेरं सोडतो आणि मुठीच्या व मधल्या सांध्यांना धरतो. दाबताना माझी नजर सांध्यावर नसते, चेहऱ्यावर असते. "दुखत नाही" म्हणणाऱ्याची भुवई खरं सांगते.

दांडियाबाजारात राहून आखाड्याचं नाव न घेणं मला जमणार नाही. प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा, म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर, मल्लविद्येइतकाच हाड बसवण्यासाठी नावाजलेला. माझे सासरे लहान असताना तिथे जोर-बैठका काढायला जात. ते सांगत, जाणता माणूस आधी चांगला हात चाचपतो, मग दुखावलेला. मी कॉलेजात शिकले त्यापेक्षा हे सोपं आणि तितकंच खरं. चांगल्या बाजूला हात लावला की पेशंटचं अंगही सैल पडतं.

मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. बँडेज, पट्टा, प्लास्टर, कुठेही आणि कुणीही बांधलेलं असो, बांधल्यानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, बोटं सुजली, गार पडली, मुंग्या आल्या, आणि तुम्ही हळूच बोटं सरळ केली तर पेशंट कळवळला, तर सकाळची वाट बघू नका. आतला दाब वाढून स्नायूंचं रक्त बंद होतं आहे. नाडी लागते आहे म्हणून निश्चिंत राहू नका. रात्री दोन वाजले असले तरी सयाजी हॉस्पिटलचा किंवा जवळचा इमर्जन्सी विभाग गाठा. काही तासांत तो हात किंवा पाय कायमचा जायबंदी होऊ शकतो.

हलवून बघणं: आधी त्यांनी, मग तुम्ही

आधी पेशंटने स्वतः हलवायचं, मग तुम्ही त्याचा हात किंवा पाय धरून. या दोन्हीतला फरक म्हणजेच बरंचसं निदान. खांद्याचं उदाहरण घ्या. मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या बाई, "हात वर जात नाही." त्यांना कोपर कुशीला चिकटवून पंजा बाहेर न्यायला सांगा, दार उघडल्यासारखा. स्वतःही जात नाही आणि तुम्ही नेलात तरी अडतो, तर तो जखडलेला खांदा. यात बाहेर वळणं बहुधा सगळ्यात आधी जातं. आणि दुसऱ्या कुणा बाईंना स्वतः हात वर नेताना ६० ते १२० अंशांच्या मध्येच कळ येते, त्याच्या वर पुन्हा ठीक, आणि तुम्ही उचललात तर हात पूर्ण जातो, तर खांद्याच्या आतल्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, दुखावल्या आहेत. दोघींचे व्यायाम वेगळे. एकीचे दुसरीला दिले तर महिने वाया जातात.

गुडघा सरळ शून्यावर यायला हवा, वाकताना साधारण १३५ अंशांपर्यंत. पूर्ण सरळ न होणारा गुडघा वाकता न येणाऱ्या गुडघ्यापेक्षा मला जास्त काळजीचा वाटतो, कारण त्याने प्रत्येक पाऊल महाग पडतं. उशी गुडघ्याखाली घेऊन झोपायची सवय त्यासाठी मोडा.

खुबा असा बघायचा. माणूस पाठीवर झोपलेलं, गुडघा आणि खुबा दोन्ही काटकोनात वाकवा, एक हात गुडघ्यावर, दुसरा टाचेखाली. आता पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्या, म्हणजे मांडी आत वळते. जांघेत कळ आली किंवा दुसऱ्या पायापेक्षा लवकर अडलं, तर दुखणं खुब्यात आहे, गुडघा कितीही दुखत असो. याला अर्धं मिनिट लागतं. ज्यांचा पाय पडल्यावर आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय त्यांच्यावर मात्र हे करायचं नाही. उचलायचंही नाही. अँब्युलन्स बोलवा.

ताकद शून्य ते पाच या मापाने लिहितात: शून्य म्हणजे स्नायू हललाच नाही, तीन म्हणजे हात किंवा पाय त्याच्या स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलला पण तुमच्या हाताच्या दाबाला टिकला नाही, पाच म्हणजे पूर्ण.

कंबर आणि पाय दुखत असेल तर चार गोष्टी: टाचांवर चाला, चवड्यांवर चाला, अंगठा वर ओढून धरा, आणि पाठीवर झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय मी उचलते. ३० ते ७० अंशांमध्ये गुडघ्याच्या खाली कळ गेली तर मणक्यातून निघणारी नस दाबली गेल्याची शंका, म्हणजे सायटिका. नुसती मांडीमागची शीर ओढली तर ते सायटिका नव्हे. अंगठा वर ओढताना कमजोर पडला तर कमरेची पाचवी नस, चवड्यावर उभं राहता आलं नाही तर त्याखालची. मणक्यांमधली 'गादी सरकली' ऐकून लोक हबकतात. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते. म्हणून आधी पेशंट तपासा, मग फिल्म बघा.

पण कमरेच्या दुखण्यात लघवी अडली, किंवा जिथे बसतो तो सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. हे विचारायला लाज वाटून चालत नाही. रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा ताप आणि उतरणारं वजन एकत्र आलं तर मणक्याचा टीबी मनात आणा. आपल्याकडे तो आहे, आणि वेळेत औषध मिळालं तर बरा होतो.

बडोद्याची दोन पिकं

नवरात्रात आणि उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, माझ्या ओट्यावर रांग लागते.

गरब्यात नऊ रात्री अनवाणी, एकाच दिशेने गिरक्या. पाय मुरगळतो. एक्स-रे हवा का, याचा एक चांगला नियम कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडला. घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत, दाबलं की हाडावर दुखतं का. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध उंचवटा लागतो तिथे किंवा आतल्या बाजूच्या कमानीच्या वरच्या हाडावर दुखतं का. आणि मुरगळल्या क्षणी व आत्ता, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली का. हाडावर दुखत असेल किंवा दोन्ही वेळा चार पावलं जमली नसतील तर एक्स-रे. नाही तर बहुधा लिगामेंट. गुडघा वळून 'टक्' झालं आणि दोन तासांत फुगला तर आत रक्त आहे, मोठं लिगामेंट तुटल्याची शंका. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजला आणि मधेच अडकतो, तर गुडघ्यातल्या गादीची चीर. "कधी सुजला?" हा एकच प्रश्न, पण फार सांगून जातो.

१४ जानेवारीला मुलं अगाशीवरून पडतात, मोठी माणसं फिरकी धरून मागे सरकताना जिन्यात पडतात. पडताना हात टेकला जातो. अंगठा ताणून वर धरला की मनगटाजवळ जो खळगा पडतो, त्यात दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी विश्वास ठेवू नका. तिथलं छोटं नावेसारखं हाड तुटलं तर सुरुवातीला दिसत नाही. आधार बांधून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढतात. सोडून दिलं तर ते जुळत नाही आणि हात आयुष्यभर त्रास देतो. साठीनंतरच्या बाईचं मनगट नुसत्या घसरण्याने मोडलं तर प्लास्टर निघाल्यावर हाडांची घनता तपासून घ्या. मनगट आधी मोडतं, खुबा नंतर.

एकच सांधा अचानक लाल, तापलेला, ताप आहे आणि हलवूच देत नाही, तर शेक नको, मालीश नको, त्याच दिवशी डॉक्टर, कारण आत पू असू शकतो. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी मध्यरात्री असा ठणका लागला तर बहुधा गाउट, म्हणजे युरिक अॅसिड साठून होणारा वात. हल्ला चालू असताना युरिक अॅसिड कधी कधी नॉर्मल येतं, म्हणून नंतर पुन्हा तपासतात. पावसाळ्यानंतर तापासोबत सगळे सांधे धरले तर चिकुनगुनियाची शंका. २००६ साली गुजरातेत त्याची मोठी साथ आली तेव्हा मी सहा-सहा महिने बोटं आखडलेली माणसं बघितली.

गुडघ्याचा एक्स-रे काढायला सांगितला तर उभं राहून काढतात का ते विचारा. झोपून काढलेल्यात कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराची, झीज कमी दिसते.

आणि जाताना कागद न्या. रावपुऱ्यातली एक सून सासूबाईंना घेऊन आली तेव्हा वहीच्या अर्ध्या पानावर हे लिहून घेऊन आली होती, मी ते जपून ठेवलंय: "उजवा गुडघा, सहा आठवडे. तळव्याने दाखवतात, बोटाने नाही. सकाळी दूध तापेपर्यंत आखडतो. जिना चढताना जास्त. मांडी घालता येते, नखं स्वतः कापतात. खुर्ची ते रेघ ते खुर्ची: १४ सेकंद. मधुमेह आहे. ताप नाही. वजन तेवढंच. मागच्या महिन्यात देवळाच्या पायरीवर तोल गेला होता, आम्हाला सांगितलं नव्हतं."